नमुन्याचा खराटा

"वहिनी, पाय जपून गं! दारात हीर पसरलेत. थांब, आधी मी ओढून घेते, मग ये. घर काही पळून जात नाही."

वीस वर्षं झाली त्या आवाजाला. नव्या नवरीची मान खाली, डोळ्यांपुढे नुसती पावलं, कुठली कुणाची ते कळत नव्हतं. आणि त्या पावलांच्या गर्दीतून हा एकच आवाज तिच्यासाठी म्हणून पुढे आला होता. थोडा घोगरा, हसू दाबून धरलेला. मग दोन हात खाली आले. झावळ्यांच्या पात्या सोलून काढलेले ते लांब लवचीक हीर कवेत घेऊन बाजूला झाले. नणंदेचा चेहरा तिने पाहिला तो नंतर. आधी आवाज भेटला, मग हात.

यंदा वारं वैऱ्यासारखं सुटलं होतं. कोरडं, तापलेलं. सकाळी सोलून ठेवलेले हीर दुपारपर्यंत कडाकडा मोडायला लागायचे. बांधणारी घटकेघटकेला उठून त्यांच्यावर पाणी शिंपायची. वीस वर्षांपूर्वीच्या त्या नवरीला आता गल्लीत बांधणारी म्हणूनच ओळखत. नवरा झावळ्या सोलायचा, म्हातारा सासरा बांबूचे दांडे तासायचा. पण मूठभर हीर घेऊन, लाकडी थापीने त्यांचे बुडखे सारखे करून, ओली सुतळी दातात धरून करकचून आवळायची ती. ओली सुतळी वाळताना आणखी घट्ट होते. तिच्या तर्जनीत त्या सुतळीने एक चर पाडला होता, जोंधळ्याचा दाणा बसेल एवढा.

सासूच्या काळापासून शहराचे सगळे रस्ते ह्या अंगणातल्या खराट्यांनी झाडले जात.

त्या दिवशी नवरा शहराच्या कचेरीतून आला तो चप्पल न काढताच ओट्यावर बसला.

"काय म्हणाला जुडगेवाला?" म्हाताऱ्याने विचारलं. जुडगेवाला म्हणजे शहराच्या भांडाराचा कारकून. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून हे नाव.

"म्हणाला, मी तुला ओळखत नाही."

"अरे वा! डोळे माझे गेले आणि दिसेनासं त्याला झालं?"

"डोळे नाहीत आबा, कायदा आहे. राज्याचा नवा कायदा आलाय. आता कुठल्याही शहराने सुईसुद्धा ओळखीने घ्यायची नाही. बंद पाकिटात भाव द्यायचा. सोबत नमुन्याचा एक खराटा. त्यावर नाव नाही, खूण नाही, नुसता नंबर. त्याची चाचणी होणार. उतरेल त्याला वर्षाचं काम."

"आणि नाही उतरला तर?" बांधणारीने विचारलं.

नवरा अंगणातल्या झावळ्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. तिला उत्तर मिळालं. शहर सोडलं तर एवढे खराटे घेणार कोण? घरोघरी वर्षाला एक लागतो, तोही मोडला तर. वीटभट्टीचा मुकादम दोनदा दारावरून विचारून गेलाच होता, नवराबायको मिळून येता का म्हणून. भट्टीवर म्हातारी माणसं घेत नाहीत.

"तरी कायदा काही उगाच नाही आला," म्हातारा दांड्यावरून चाकू फिरवत म्हणाला. "मागल्या भांडारवाल्याच्या मेव्हण्याने चुना म्हणून शहराला राख विकली. गटारावर टाकली आणि गटार तसंच घाण मारत राहिलं. शेण खाल्लं एकाने, आता तोंड सगळ्यांचं हुंगणार."

दुसऱ्या दिवशी दोघं अर्जवाल्याकडे गेली. कचेरीच्या पायऱ्यांखाली त्याचं मेज, एक पाय तुटका, त्याखाली वीट. कागदावर कागद, वर दगड. तो वाचत गेला, नवरा मान हलवत गेला. दांड्याची लांबी, कमीत कमी किती नि जास्तीत जास्त किती. हिरांची लांबी. किती दिवसांत किती नग. मग अर्जवाला थांबला, चष्मा कपाळावर सरकवला.

"आता हे नीट ऐक. शहराच्या नोकरीत तुझं जवळचं कोणी आहे? बाप, भाऊ, बहीण, सासरा, मेव्हणा?"

नवऱ्याचा हात मेजावर होता तो खाली गेला. "असलं तर?"

"असलं तर इथे नाव लिहायचं. मग पाकीट वर जातं, मोठ्या साहेबांकडे. ते म्हणतील चालेल, नाहीतर म्हणतील नाही चालत. पण वर गेलेला कागद आणि तुटलेला पतंग, कुणाच्या गच्चीवर पडेल काय सांगावं? नाहीतर इथे लिहायचं, कोणी नाही. मग पाकीट सरळ पेटीत."

"आणि खोटं निघालं तर?"

"तर पुन्हा कधी शहराच्या पायरीवर यायचं नाही." अर्जवाल्याने टाक उचलला. "लवकर सांग बाबा, मागे रांग आहे."

नवऱ्याने मान वळवून बांधणारीकडे बघितलं. काय करू, असं ते बघणं होतं. तिला ते स्वच्छ कळलं. ह्याला कडेवर घेऊन जिने गल्ली पालथी घातली, आई बांधायला बसली की आपल्या घासातला घास ज्याला भरवला, त्या बहिणीचं नाव त्याच्या ओठांपाशी येऊन थांबलं होतं. बायकोने नुसतं हं म्हटलं असतं तर ते बाहेर पडलं असतं. तिच्या डोळ्यांपुढे भट्टीचा धूर आला. अंगणात एकटा बसलेला आंधळा म्हातारा आला. तिने पदर सारखा केला आणि पायऱ्यांवरच्या एका चिमणीकडे बघत राहिली.

"लिहा," नवरा म्हणाला. "कोणी नाही."

घरी आल्यावर तो तासभर कोयत्याला धार लावत बसला. धार लागली तरी लावत बसला. मग दगडाकडे बघूनच म्हणाला, "ताईला सांगायला हवं. चाचणी होईपर्यंत इकडे येऊ नको म्हणून. कोणी बघितलं, कोणी बोललं..."

"तुम्ही सांगा. तुमची बहीण आहे."

"माझ्याने नाही होणार गं."

म्हातारा खाटेवरून म्हणाला, "का नाही होणार? सही करताना झालंच की."

कोयता दगडावर फिरत राहिला.

नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचा नवरा वारल्यावर त्याच्या जागी शहराच्या सफाईत लागली, त्याला आता बारा वर्षं झाली. रोज तांबडं फुटता फुटता बाजाराच्या रस्त्यावर तिचा खराटा सुरू व्हायचा. डावखुरी होती ती. बाकीच्या बायका कचरा उजवीकडून डावीकडे लोटत, ही उलट. त्यामुळे रस्त्यावरच्या धुळीतले पट्टे बघून सुद्धा कुठवर हिने झाडलंय ते कळायचं.

बांधणारी गेली तेव्हा ती बंद दुकानांपुढे पाचोळा गोळा करत होती. तोंडाला फडकं बांधलेलं, नुसते डोळे दिसत होते. डोळे हसले.

"काय गं वहिनी, एवढ्या सकाळी? भांडलीस का माझ्या भावाशी? दे त्याला दोन, माझ्याकडून."

बांधणारीने सांगितलं. कायदा सांगितला, कागद सांगितला. 'कोणी नाही' एवढे दोन शब्द मात्र तिच्याने सांगवेनात. ती म्हणाली, "तिथे... नाव नाही घातलं, वन्सं."

नणंदेने फडकं खाली ओढलं. काही वेळ खराट्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

"म्हणजे आता मी कोण तुमची? वाटेवरची बाई?"

"चाचणी होईपर्यंतच."

"बरं झालं बाई. इतक्या वर्षांनी माहेरचा त्रास सुटला." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आबांना सांग, औषध वेळेवर घ्या. मी सांगितलं म्हणू नकोस. रस्त्यावरची बाई म्हणत होती म्हणावं."

आणि तिने फडकं वर ओढून पुन्हा झाडायला घेतलं.

पुढचे नऊ दिवस ती रोज त्यांच्या दारावरून गेली. तिचा रस्ताच तो. दारापुढची धूळ झाडताना मान वर करायची नाही. आत म्हातारा खराट्याचा आवाज ऐकून उठून बसायचा, खाटेची कड हाताने धरून. आवाज दारापुढे आला की श्वास रोखायचा, पुढे गेला की आडवा व्हायचा. एकदा नवरा दारातच उभा होता. बहिणीचा खराटा त्याच्या पावलांपाशी येऊन अडला. पूर्वी तिने पायावर एक फटका देऊन म्हटलं असतं, सरक रे रेड्या. त्या दिवशी ती म्हणाली, "जरा बाजूला होता का?"

तो बाजूला झाला. दिवसभर जेवला नाही.

दहाव्या दिवशी नमुना द्यायचा होता. आदल्या दुपारी बांधणारी भिंतीच्या सावलीत बसली. नवऱ्याने हिरांतून हीर निवडून दिले, एकालाही काळा डाग नाही. म्हाताऱ्याने दांडा बोटांनी चाचपून पुढे केला. ह्या घरात खराटा नुसता बांधत नसत, कुणासाठी तरी बांधत. दर वर्षी सफाईच्या बायका अंगणात येऊन रांगेने उभ्या राहत, सासू सुतळीने एकेकीचा खांदा मोजून गाठ मारून ठेवी. दांडा कमी पडला तर बाई वाकते, जास्त झाला तर दंड भरून येतात. हिरांचा उतार, म्हणजे टोकांचा तिरका कल, तोही बाईचा हात बघून द्यायचा. "माणूस डोळ्यांपुढे आणल्याशिवाय पहिली गाठ मारू नकोस," सासू म्हणायची, आणि बांधता बांधता गुणगुणायची:

गाठ घालते मोजून, दांडा घेते पारखून
जिच्या हाती तू जाशील, तिची पाठ ठेव राखून

आता कायदा म्हणत होता, माणूस नको. नुसता खराटा हवा. बांधणारीने ठरवलं, आज कोणालाच डोळ्यांपुढे आणायचं नाही. तिने हीर मुठीत घेतले, थापी मारली, सुतळी दातात धरली. सुतळीचं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. वारं पदर ओढत होतं. पहिला वेढा, दुसरा, तिसरा. आवळताना कोपरात कळ आली, तिने गुडघ्याने जोर दिला. सातवा वेढा बसला आणि तिचे डोळे भरून आले. का ते तिने स्वतःला विचारलं नाही. पालथ्या हाताने पुसले आणि गाठ मारली.

नवऱ्याने कागदाशी माप ताडून बघितलं. दांडा बसला, हीर बसले. "असा खराटा तू आजवर बांधला नाहीस," तो म्हणाला.

चाचणी कचेरीच्या मागच्या आवारात होती. भिंतीला टेकून पाच खराटे उभे, प्रत्येकाला नंबराची पट्टी. त्यांचा तीन नंबर. दोरीच्या अलीकडे माल देणारे उभे. त्यांत एक कारखानेवाला, इस्त्रीचा सदरा, बुटांवर धूळ बसू नये म्हणून एका फरशीवरच उभा. त्याचे खराटे प्लॅस्टिकचे, हिरवेगार. खरेदीच्या अधिकारी मॅडम वयाने लहान, आवाज शांत. हातात यादी. जुडगेवाला त्यांच्या मागे, आणि खरोखरच कोणाला ओळखत नसल्यासारखा आभाळाकडे बघत होता.

"झाडणाऱ्या तिघी हजेरीतून चिठ्ठ्या टाकून निवडल्यात," मॅडम म्हणाल्या. "त्यांना माल कोणाचा ते माहीत नाही. बोलवा."

आधी एक जाडजूड बाई आली. मग एक उंच. मग तिसरी, फडकं मानेभोवती घेतलेली. बांधणारीने शेजारी उभ्या नवऱ्याचं मनगट धरलं. ते गार होतं. नणंदेने दोरीकडे एकदा बघितलं, आणि भिंतीकडे बघावं तसं बघून नजर पुढे नेली.

आवारात ओला पाचोळा पसरला होता, खडी होती, एका कोपऱ्यात चिखलाची नाली होती. जाड बाईने पाचही खराटे मारून बघितले. प्लॅस्टिकचा खडीवर घसरला, पाचोळा पुढे जाण्याऐवजी चिकटून बसला. "ह्याने रस्ता झाडायचा की त्याला गुदगुल्या करायच्या?" ती म्हणाली. सगळे हसले, कारखानेवाला सोडून. मग तिने तीन नंबर घेतला. चार हात मारले आणि थांबली. "हीर झकास आहेत. पण हातात उलटा पडतोय बाई."

उंच बाईलाही तसंच झालं. खराटा मजबूत, पण ओढ भलत्याच बाजूला. बांधणारीने हिरांचा उतार बघितला. इथून, दहा पावलांवरून, पहिल्यांदाच बघितल्यासारखा. उतार डावखुरीचा होता.

डोळ्यांपुढे कोणालाच आणायचं नाही म्हणून ती बसली होती. हातांना कोण सांगणार?

नणंदेने एक घेतला, ठेवला. दोन घेतला, ठेवला. तीन नंबरला हात लावला आणि क्षणभर तशीच राहिली. दांडा जमिनीला टेकला, वरचं टोक बरोबर तिच्या खांद्याच्या हाडाला लागलं. तिने तो डाव्या हातात घेतला. कोणाला संशय येऊ नये म्हणून मुद्दाम वाईट झाडायचा प्रयत्न तिने केला, हे बांधणारीला दिसलं. मनगट आखडून घेतलं, पाय चुकीचा टाकला. पण खराटा ऐकेना. खडी वेगळी झाली, पाचोळा वेगळा झाला, नालीच्या कोपऱ्यातला चिखल एका ओढीत बाहेर आला. सर्र, सर्र, सर्र. आवार असं झालं की वर पीठ चाळावं.

"वा," मॅडमच्या तोंडून निघून गेलं. "मावशी, तुमच्या हातात तर हा मापाने केल्यासारखा बसतोय."

"मी तेच म्हणतोय!" कारखानेवाला फरशीवरून खाली उतरला. "दोघींच्या हातात उलटा, हिच्या हातात सुलटा. हा काय योगायोग? माल ओळखीचा आहे मॅडम. नव्या कायद्यात हेच बंद केलंय ना? मग लिहून घ्या. ह्या बाईचं इथल्या कोणाशी नातं नाही, असं तिच्याकडून लिहून घ्या."

मॅडमनी क्षणभर यादी चाळली. "त्यांची हरकत नियमाला धरून आहे. मावशी, तुम्हाला लिहून द्यावं लागेल. पण आधी समजून घ्या. हे खोटं निघालं तर नोकरी जाईल. समजलं?"

"समजलं," नणंद म्हणाली.

"दोरीपलीकडे जे उभे आहेत, त्यांत तुमचं कोणी आहे?"

नणंदेने खराटा भिंतीला टेकवून ठेवला, पडू नये म्हणून दोनदा सारखा केला. मग सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. भावावर नजर आली तेव्हा तो स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "माझं कोणी नाही इथे."

जुडगेवाल्याने कागद आणला, शाईची पेटी उघडली. नणंदेने अंगठा पदराला पुसला, शाईत दाबला, कागदावर टेकवला. मॅडमनी वाकून बघितलं.

"ठसा उमटलाच नाही. नुसता डाग आलाय. पुन्हा लावा."

"नाही उमटत बाई," नणंद म्हणाली. "बारा वर्षं दांडा धरून रेघा गेल्या. थोडा जोराने दाबते."

ती पुन्हा पेटीकडे वाकली. वाकताना तिच्या मानेवरचं फडकं सरकलं आणि खालचे पांढरे केस दिसले. बांधणारीने नवऱ्याकडे बघितलं. तो अजून स्वतःच्या अंगठ्यांकडेच बघत होता. अर्जवाल्याच्या मेजापाशी त्याने तिच्याकडे बघितलं होतं ते पुन्हा दिसलं, आणि चिमणी दिसली. अंगठा शाईतून वर आला. काळा, गुळगुळीत, कागदावर खाली येऊ लागला.

दोरी वर करून बांधणारी कधी आत गेली, तिचं तिलाच कळलं नाही. नणंदेचं मनगट तिच्या मुठीत होतं. शाई तिच्या बोटांना लागली.

"सोड गं," नणंद दातांतल्या दातांत पुटपुटली. "वेडी झालीस का? मी निभावते."

"नाही वन्सं. पुरे." तिचा आवाज सगळ्या आवारात गेला, एवढा मोठा आवाज आपल्याला आहे हे तिला माहीत नव्हतं. ती मॅडमकडे वळली, मनगट न सोडता. "तीन नंबर मी बांधलाय. ही माझी नणंद. तो उभा आहे तो तिचा सख्खा भाऊ, तिच्या कडेवर वाढलेला. आम्ही कागदावर लिहून दिलंय, कोणी नाही. ते खोटं आहे. आणि ते त्याने एकट्याने लिहिलं नाही, मॅडम. लिहायच्या आधी त्याने माझ्याकडे बघितलं होतं. एका शब्दाचं काम होतं. मी गप्प राहिले."